कोरड्या जिभेवर

तेव्हा वऱ्हाडाचा कारभार नागपूरहून चाले आणि आमच्या गावात चर्च नव्हतं. दोन-तीन महिन्यांनी फादर नांदुऱ्याला रेल्वेनं उतरत, तिथून छकड्यानं येत, आणि आमच्या ओसरीत मिस्सा होई. त्या उपासनेत भाकरीच्या रूपात ख्रिस्तच आपल्या जिभेवर येतो, असं आई सांगे. माझ्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या दिवशी मात्र दुपार झाली तरी त्यांचा पत्ता नव्हता. प्रसाद घ्यायचा तर मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही चालत नसे, आणि दिवस वैशाखाचे. रांजणाकडे पाहून पाहून माझं डोकं फिरलं.

"मले नाही पाह्यजे तुमचा प्रसाद!" मी आईवर ओरडले. तिनं नुसते डोळे वटारले.

तेवढ्यात फादर आले. वाटेत छकड्याचं चाक मोडलं, म्हणून मिस्सेच्या सामानाची पेटी खांद्यावर घेऊन ते उन्हातून पायी आले होते. ओठ फुटून रक्त आलं होतं. मी धावत तांब्याभर पाणी नेलं. त्यांनी हात धुतले आणि तांब्या तसाच परत दिला.

"काऊन पेऊन नाही राह्यले हे?" मी आईला विचारलं.

"त्याईलेबी प्रसाद घ्या लागते ना," ती हळूच म्हणाली.

माझी तणतण तिथंच थांबली. त्या फुटलेल्या ओठांनी त्यांनी लॅटिन प्रार्थना म्हटल्या, आणि मग ती पातळ पांढरी भाकर माझ्या जिभेवर ठेवली. कोरड्या जिभेला ती चिकटून बसली, विरघळेचना.

मिस्सा संपताच आईनं पाणी पुढं केलं. मी मान हलवली आणि ओठ घट्ट मिटून घेतले. देव अजून तोंडात होता.