कणा ठेवला तो दिवस

मी जहाजं तपासणाऱ्या एका कंपनीत आहे आणि आठवड्यातले तीन दिवस निफाडजवळच्या आमच्या द्राक्षबागेत बसून जहाजांचे कागद वाचते. इथे कुठलं आलंय जहाज, असं प्रत्येक पाहुणा विचारतो. मी उत्तर देणं सोडून दिलंय.

गेल्या वर्षी एका जुन्या मालवाहू जहाजाची फाइल आली. जहाजाच्या बाजूला एक गोल आणि त्यातून जाणारी आडवी रेघ रंगवलेली असते. माल भरल्यावर पाणी त्या रेघेच्या वर येता कामा नये. या रेघेचे आणि त्यासोबत मालाच्या कोठारांच्या झाकणांचे नियम मध्यंतरी कडक झाले. ठरलेल्या तारखेनंतरचं जहाज नवं, त्याला कडक नियम. आधीचं ते जुनं, त्याला पूर्वीचेच. हे जहाज पाण्यात उतरलं होतं त्या तारखेनंतर. मी बेधडक शेरा मारला: जहाज नवं धरावं, मालाच्या कोठारांची झाकणं बदलून जास्त मजबूत बसवावीत.

दुसऱ्या दिवशी जहाजाच्या कप्तानांचा फोन आला. मालक झाकणांवर खर्च करणार नाही, जहाज सरळ भंगारात काढेल, एवढंच त्यांनी शांतपणे सांगितलं. ते भांडले असते तर मी दुप्पट भांडले असते. पण ते भांडले नाहीत आणि मला जेवण गोड लागेना.

दुपारी वडिलांच्या मागे बागेत गेले. द्राक्षाचा आधी जंगली खुंट लावतात, तो जमिनीत रुजला की काही महिन्यांनी त्यावर हव्या त्या जातीचं कलम बांधतात. आमच्या घरात बागेचं वय कलमापासून मोजतात. त्याच हिशेबात वाढलेली मी, जहाजाचा जन्मही पाण्यात उतरल्यापासून धरून बसले होते. वडिलांना सगळं सांगितलं. ते खाली बसले आणि कलमाच्या गाठीवरची माती त्यांनी अंगठ्याने झटकली.

"कलमापासून मोजतो ते फळासाठी," ते म्हणाले. "मूळ त्याच्या लय आधी खाली गेलेलं हाय. तुझ्या जहाजाचं मूळ कधी लावलं, ते पाह्यलं का तू?"

पाहिलं नव्हतं. घरी येऊन नियम उघडला. शंभर वेळा वाचलाय म्हणून न वाचताच शेरा लिहिला होता. नियमात स्पष्ट होतं: ज्या दिवशी जहाजाचा कणा, म्हणजे तळाचा पहिला लोखंडी भाग, ठेवला, तो दिवस धरायचा. जहाज जिथे बांधलं त्या गोदीचा दाखला शोधला. कणा ठरलेल्या तारखेच्या अकरा दिवस आधी ठेवलेला होता. जहाज जुनंच होतं.

मी थक्क होऊन बसून राहिले. कुठल्यातरी परक्या गोदीत लोखंडाचा पहिला तुकडा जमिनीवर ठेवला गेला, तेव्हा त्याला जहाज म्हणावं असं काहीही नव्हतं. तरी साऱ्या जगाने तो दिवस मानायचा ठरवलं होतं. एवढा मोठा मान, आणि तो माझ्या घाईत जाणार होता. लाजेने आणि आनंदाने एकदमच रडू आलं. मग ऑफिसला फोन करून चूक कबूल केली आणि शेरा मागे घेतला.

महिन्याभराने कप्तानांनी फोटो पाठवला. जहाज मालाने भरलेलं, पाणी बरोबर रेघेला टेकलेलं. वडिलांनी समुद्र कधी पाहिलेला नाही. फोटो त्यांनी बराच वेळ हातात धरला.

"जुनं म्हणून तुम्ही सूट दिली," ते म्हणाले. "पण समुद्र देतो का?"

"नाही देत," मी म्हटलं.

पुढच्या आठवड्यात त्या जहाजाची वार्षिक तपासणी होती. कागद बघायचं काम माझं, पण त्या वेळी मी स्वतः बंदरावर गेले आणि एकेक झाकण हाताने ठोकून पाहिलं.