पेसमेकरची तार सरकली, माफी आईनं मागितली

मंडळी, आज डोकं तापलं आहे, म्हणून लिहून राह्यलो.

महिन्यापूर्वी आईच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. ठोके मंदावले म्हणून पेसमेकरही बसवला. आज सकाळी मारेगावच्या घरी, भाव नाही म्हणून छतापर्यंत साठवलेला कापूस तिनं डावा हात उंचावून ओढला. थोड्या वेळानं चक्कर येऊन पडली. यवतमाळला नेलं, तर पेसमेकरची तार जागेवरून सरकलेली.

डॉक्टर तिच्यावरच खेकसले, "हात वर करायचा नाही, असं कागदावर लिहिलं होतं ना?"

आईनं हात जोडले. "चुकलं साहेब. मले वाचता येत नाही."

कागद इंग्रजीत. सुट्टी देताना तोंडानं कोणी काहीच सांगितलं नाही. मी तसं म्हटलं, तर मलाच बाहेर काढलं.

उद्या तार पुन्हा बसवतील. पण माफी माझ्या आईनं कायले मागावी, सांगा.