बऱ्या झालेल्या माणसाचं फुलपात्र

आमच्या मंडळीला आजारी माणूस आवडतो. हे मी चेष्टेनं लिहीत नाही. कारखान्यांच्या नोकऱ्यांसाठी पिंपरी-चिंचवडला आलेली, बहुतेक नगर जिल्ह्यातली, अशी आमची चाळीसेक ख्रिस्ती घरं. कुणी अंथरुणाला खिळलं की त्या घरी रविवारच्या उपासनेपेक्षा जास्त गर्दी होते. डबे पोचतात, पोरं दुसऱ्यांच्या घरी जेवून अभ्यास करून झोपतात, बायका पाळी लावून धुणं करतात. याबाबतीत आम्हाला कुणी नावं ठेवू शकणार नाही. माझा राग त्याच्या पुढच्या गोष्टीवर आहे, आणि इतकी वर्षं झाली तरी तो कमी झालेला नाही.

आमच्यातला एकजण ओतशाळेत मोल्डर होता, लोखंड ओतायचे साचे करायचा. सगळे त्याला मोल्डरच म्हणत. राहायला थेरगावात. उपासनेत ढोलकी तोच वाजवायचा, आणि गाणं लांबलं की आमच्याकडे बघून असा डोळा मारायचा की पाळकसाहेबांनाही हसू दाबावं लागे. त्याला टीबी झाला. इस्पितळात ठेवलं, पुढं घरी आणून इंजेक्शनं चालू राहिली. हे सगळं वर्षभर चाललं. त्या वर्षात दर बुधवारच्या घरसभेत त्याच्यासाठी प्रार्थना झाली. बुधवार चुकला नाही. सगळ्यात मोठ्यानं आणि सगळ्यात लांब प्रार्थना आमचे मुख्य पंच करायचे. डोळ्यांतून पाणी यायचं त्यांच्या. ते खोटं होतं असं मी तेव्हाही म्हटलं नाही, आजही म्हणणार नाही.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. पंच आणि मी एकाच औषधाच्या कारखान्यात, एकाच खात्यात होतो. मोल्डरला जे इंजेक्शन टोचलं जात होतं त्याच्या कुप्या आमच्या टेबलावरून जात. उजेडासमोर धरून मी एकेक बघायचो. काचेत चीर, झाकण सैल, पूड ओलसर, काहीही दिसलं की बाजूला. पंच माझ्या वर होते, बाजूला काढलेल्या कुप्या ते पुन्हा बघायचे. म्हणजे बुधवारी आम्ही त्याच्यासाठी देवाकडे मागत होतो आणि बाकीचे दिवस त्याचं औषध हातानं तपासत होतो. याहून जास्त कुणी कुणासाठी काय करायचं?

मोल्डर बरा झाला. थुंकी पुन्हा पुन्हा तपासून स्वच्छ निघाली, डॉक्टरांनी कामावर जायला सांगितलं. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी तो बायकोला घेऊन उपासनेला आला.

तेव्हा आमची उपासना एका शाळेच्या हॉलमध्ये भरायची. पहिल्या रविवारी पुण्याहून पाळकसाहेब येत आणि प्रभुभोजन होई. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा एकच प्याला. तो पुढच्या बाकापासून हातोहात मागं जायचा. आपण घोट घ्यायचा, कड रुमालानं पुसायची, शेजाऱ्याला द्यायचा. मोल्डर नेहमीप्रमाणे दुसऱ्या बाकावर बसला, ढोलकी पायाशी.

प्रभुभोजनाआधीच्या गीताला सगळे उभे राहिले. गीत संपून बसायची वेळ आली तेव्हा मी पाहिलं, की हॉल बदलला आहे. पहिल्या बाकावर पाचांच्या जागी नऊजण कोंबलेले. त्यांच्याही पुढं लहान मुलांच्या सतरंजीवर मोठी माणसं मांडी घालून बसलेली. दुसऱ्या बाकावर फक्त मोल्डर आणि त्याची बायको. त्यांच्या मागचे बाक, एक आमचा सोडून, रिकामे. गीताच्या चार कडव्यांत सगळी मंडळी त्याच्या पुढं जाऊन बसली होती, म्हणजे प्याला त्याच्या आधी आपल्याला मिळावा. कुणी कुणाला काही बोललं नव्हतं.

मीही अर्धवट उभाच होतो. माझ्या बायकोनं शर्ट धरून मला खाली बसवलं.

"इथंच बसायचं," ती म्हणाली.

त्या दिवशी त्याच्यानंतर प्याला घेणारे आम्ही दोघंच. मोल्डरनं मागं वळून प्याला माझ्या हातात दिला आणि हळूच म्हणाला, "आज लोकांची लई भक्ती वाढलीया, भाऊ. समद्यांना म्होरं बसायचंय."

उपासनेनंतर पंचांनी आम्हा चौघा पंचकमिटीवाल्यांना व्हरांड्यात थांबवलं.

"पुढच्या वेळेला त्यांच्यासाठी वेगळं काढू," ते म्हणाले. "एखादं फुलपात्र. प्रेमानंच. कुणाला अवघडल्यासारखं नको."

"ते बरे झालेत," मी म्हणालो.

"झालेत ना. देवाची कृपा."

"मग वेगळं कशाला?"

"राव, तुम्हाला पोरं आहेत ना घरात?"

"आहेत. ती आज इथंच होती. कुप्या तुम्ही आणि मी तपासतो. ते औषध लागू पडतं असं तुम्हाला वाटत नाही का?"

"औषधाचं सोडा."

"बरं, सोडलं. वर्षभर प्रार्थना केली, ती ऐकली गेली असं तरी वाटतं का?"

पंच चिडले. "तुम्ही वाद घालता. मंडळीत दुबळ्या विश्वासाची माणसं असतात, त्यांना सांभाळून घ्यावं लागतं." बाकी तिघं माना हलवत राहिले. मी एकटा पडलो.

मला भीती कळते. माझी धाकटी तेव्हा दोन वर्षांची होती आणि त्या रात्री मीही तिचं कपाळ हात लावून बघितलं. कुणी सरळ म्हणालं असतं, की आम्हाला भीती वाटते, तर मोल्डर स्वतःच शेवटी बसला असता. तसा तो माणूस होता. पण आम्ही भीतीला प्रेम म्हणालो, आणि त्याला तेही गोड मानून घ्यायला लावणार होतो.

शिवाय वेगळं फुलपात्र! हे आम्हाला सुचावं? त्या हॉलमधल्या बहुतेकांचे आजे गावकुसाबाहेर राहिलेले. आमच्या आज्याला ख्रिस्ती व्हायचं कारण विचारलं की तो शास्त्राचं एकही वचन सांगायचा नाही. तो सांगायचा, की गोऱ्या साहेबानं आणि मी एका प्याल्यातून घोट घेतला. बस्स. एवढ्यासाठी त्यानं भाऊबंद तोडले.

पुढच्या पहिल्या रविवारी टेबलावर पांढऱ्या कापडाखाली प्याला होता आणि शेजारी स्टीलचं फुलपात्र. प्याला सगळ्या बाकांवरून फिरला, फक्त मोल्डरला वगळून. मग पाळकसाहेब फुलपात्र घेऊन त्याच्यापाशी आले. त्यांचा चेहरा उतरलेला होता. त्यांना हे मनातून पटलेलं नव्हतं, पण महिन्यातून एकदा येणाऱ्या माणसाचं कितीसं चालणार?

मोल्डरनं फुलपात्राकडे बघितलं. हात पुढं केला नाही.

"पाळकसाहेब, येक विचारतो. आमच्या गावातल्या हाटेलात आज्याचा कप असायचा. कान तुटलेला, भाईर वळचणीला खोचलेला. च्या पिऊन झाला की त्यो आज्यालाच इसळून ठेवाय लागायचा. ह्ये कुणी इसळायचं? मी का तुमी?"

आवाज चढवला नव्हता. तो खरंच विचारत असल्यासारखा बोलला. पाळकसाहेब फुलपात्र धरून तसेच उभे. मग मोल्डरनं खाली वाकून ढोलकी उचलली, पट्टा खांद्यावर घेतला, बायकोला चल म्हणाला, आणि दोघं मधल्या वाटेनं निघून गेली.

"गर्व आहे माणसाला," पंच व्हरांड्यात म्हणाले. पुढं कित्येक वर्षं आम्ही ढोलकीशिवाय गायलो. नवीन येणाऱ्यांना वाटायचं, आमची रीतच तशी.

आता मंडळीचं स्वतःचं चर्च झालं आहे. उद्घाटनाआधी जुन्या कुटुंबांना बोलवायचं ठरलं, तेव्हा पंच मला घेऊन मोल्डरच्या घरी गेले. तो आता रहाटणीला राहतो, चाकणकडे कामाला जातो. अंगानं भरला आहे. दम लागत नाही, खोकला नाही. इतक्या वर्षांत त्याच्या घरात कुणाला काही झालं नाही.

पंचांनी आमंत्रण दिलं. चर्च कसं झालंय ते सांगितलं, आणि म्हणाले, "आता तो प्रश्न उरलेला नाही, भाऊ. प्याला बंद केला. प्रत्येकाला काचेचे छोटे वेगवेगळे पेले. आरोग्याच्या दृष्टीनं."

मोल्डर हसला.

"म्हंजी समद्यांनाच टीबी झाला म्हणा की."

वहिनींनी चहा आणला. तीन कप. पंच म्हणाले, "माझा आत्ताच झालाय." आम्ही दोघं चर्चमधून फरशी पुसून सरळ इकडे आलो होतो, मधे कुठं थांबलो नव्हतो. हे मला माहीत होतं आणि त्यांनाही. मोल्डरनं स्वतःचा कप संपवला, मग पंचांचा कप ओढून घेऊन तोही प्यायला. निघताना त्यानं माझ्या बायकोची चौकशी केली.

उद्घाटनाला तो आला नाही. नंतरही आलेला नाही.

पंच आता निवृत्त झाले आहेत, पण नव्या चर्चमध्ये प्रार्थनेला पहिले तेच उभे राहतात. दर पहिल्या रविवारी, ते काचेचे पेले वाटायच्या आधी, ते मोल्डरचं नाव घेतात. वाट चुकलेल्या आमच्या बंधूला, हे प्रभू, परत आण. डोळ्यांतून पाणी येतं त्यांच्या, अगदी पूर्वीसारखं. सगळे आमेन म्हणतात. मी म्हणत नाही. माझी बायकोही म्हणत नाही. तो परत आला तर ही माणसं कुठं सरकून बसतील, ते आम्ही दोघांनी एकदा पाहिलं आहे.