शेलारच्या बागेची भिंत

"भिवंडीला कुणी फिरायला जातं का?" बायको म्हणाली. मी तरी कुठे फिरायला निघालो होतो? सत्तरच्या दशकातली गोष्ट. माझा शाळासोबती सदानंद भिवंडीला मास्तर होता. त्याचं पत्र आलं, 'शेलार गावाजवळची जुनी तटबंदीची बाग आम्ही लोक मिळून साफ करतोय, बघायला ये.' वर्षभरापूर्वी ठाण्यात मीही तलावाकाठची पडीक बाग साफ करायला माणसं जमवली होती. दुसऱ्या रविवारी मी एकटाच उरलो. सदानंदला तर फावडं धरता येत नव्हतं. त्याला कसं जमलं, एवढंच मला बघायचं होतं.

सकाळची एसटी पकडली. कशेळीचा खाडीपूल ओलांडला. काल्हेरला तेव्हा गोदामं नव्हती, दोन्ही बाजूंना भातखाचरं. भिवंडीत स्टँडबाहेर खिमा-पाव खाल्ला, स्वस्त आणि झणझणीत. पुढे टांगा, शेवटचा तुकडा पायी.

बागेत चाळीसेक माणसं राबत होती. शेलारच्या बायका, यंत्रमागांवरची रात्रीची शिफ्ट संपवून आलेले लूमवाले. काटेरी जाळी तोडून त्यांनी मधला हौद मोकळा केला होता. जो तो सदानंदलाच विचारत होता.

"मास्तर, ही माती कुठं टाकू?"

"मास्टरजी, रस्सी लाऊँ?"

माझी नुसती जळफळ होत होती.

रस्सी भिंतीत उगवलेल्या पिंपळासाठी होती. सदानंद तो मुळासकट ओढणार होता. मी बांधकाम खात्यातला ओव्हरसियर. असा पिंपळ कापून जागच्या जागी मारायचा असतो, ओढला तर मुळांबरोबर दगड येतात, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण म्हटलं, चुकू दे याला एकदा, सगळ्यांदेखत.

रस्सी ओढली तशी पिंपळाबरोबर दहा हात भिंत कोसळली. शेलारच्या हिराबाई मातीची पाटी घेऊन नुकत्याच तिथून सरकल्या होत्या. त्या मटकन खाली बसल्या. "वाचले. न्हाय तर माजं काय खरं नव्हतं."

सदानंद पांढराफटक पडला. "चूक माझी," तो सगळ्यांना म्हणाला. मग माझ्याजवळ येऊन हळूच, "तुझ्या ध्यानात नाही आलं?"

"नाही," मी म्हणालो.

त्याला कुणी बोल लावला नाही. पडलेल्या भिंतीचा पहिला दगड हिराबाईंनीच उचलला.

पुढचे सहा रविवार जाऊन ती भिंत मी चुन्यात बांधून दिली. येईल त्याला सदानंद माझ्याकडे बोट दाखवून सांगायचा, "ह्याने बांधली. हा नसता तर बाग उघडीच राहिली असती." हिराबाई तांदळाची भाकरी आणि सुकट आधी मला वाढायच्या. मला हवं होतं ते सगळं कौतुक मिळालं, आणि दर रविवारी परतीच्या एसटीत मी मान खाली घालून बसायचो.

सदानंद जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्याला खरं सांगायचं राहिलं.