अकरावा रकाना

श्रीपत खिल्लारे अर्ज घेऊन माझ्या टेबलासमोर उभा राहिला, तेव्हा सगळे रकाने भरलेले होते. फक्त अकरावा कोरा होता.

"बाबूजी, याच्यात काय लिहू?"

रकान्यात छापलं होतं, 'अर्जदारास कोणत्याही गुन्ह्यात शिक्षा झाली आहे काय?'

सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. वाशीम तेव्हा जिल्हा व्हायचा होता. मी केनवडकडचा, शेतकऱ्याच्या घरातला, तालुक्याच्या सब-रजिस्ट्रार ऑफिसात क्लार्क म्हणून नवीन लागलो होतो. जमिनीची खरेदी-विक्री आमच्याकडे नोंदवली जाते. तिचा कागद लिहिणाऱ्याला दस्तलेखक म्हणतात. त्याला सरकारी परवाना लागतो. परवाना नसलेल्या माणसाला दस्ताखाली 'लेखक' म्हणून सही करता येत नाही.

श्रीपत आसेगावकडच्या एका खेड्यातला, बौद्ध, मॅट्रिक झालेला, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा. ऑफिसच्या आवारात बापूराव नावाच्या परवानाधारक दस्तलेखकाच्या हाताखाली तो सात वर्षं बसत होता. बापूरावांना मोतीबिंदू झाला होता. दस्त श्रीपत लिहायचा आणि खाली सही बापूराव करायचे. चतुःसीमा, म्हणजे शेताच्या चारी बाजूंना कुणाचं काय आहे त्याचा तपशील, त्याच्याइतका बिनचूक लिहिणारा तालुक्यात दुसरा नव्हता. हे आमच्या साहेबांनाही माहीत होतं.

शिक्षा कशाची झाली होती, ते मी विचारलं. त्यानं सरळ सांगितलं. विशीत असताना गावातल्या दहा-बारा भूमिहीन माणसांबरोबर त्यानं गायरानात नांगर घातला होता. गायरान म्हणजे गुरं चरायला राखलेली सरकारी जमीन. त्याच गायरानाचा अर्धा तुकडा गावच्या एका मोठ्या शेतकऱ्यानं आधीच आपल्या शेतात ओढून घेतला होता. त्याच्यावर केस झाली नाही. या लोकांवर झाली. एक महिन्याची कैद. जेलमध्ये श्रीपत इतर कैद्यांचे अर्ज लिहून द्यायचा. हा धंदा तो तिथेच शिकला.

"खरं लिवतो ना मी?" त्यानं विचारलं. "चोरी थोडीच केली हाय."

मी म्हटलं, "श्रीपतभाऊ, 'होय' वाचलं की पुढचं कोणी वाचत नाही. इतकी जुनी केस कोण उकरून काढतो? 'नाही' लिहा."

मग त्यानं माझ्याच दौतीत टाक बुडवला आणि 'नाही' लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच सुंदर आलं.

माझा हेतू वाईट नव्हता. पण परवान्याच्या नियमांचं पुस्तक माझ्या खुर्चीमागच्या कपाटात होतं. ते मी उघडलं नव्हतं.

अर्ज जिल्ह्याला गेला. तिथून चौकशीसाठी ठाण्यात गेला. ठाण्यातल्या जमादारानं जुनं रजिस्टर काढलं आणि जे होतं ते लिहून पाठवलं. चार महिन्यांनी पत्र आलं. अर्जदारानं शिक्षेची माहिती दडवली, सबब परवाना नाकारण्यात येत आहे.

त्याच आठवड्यात मासिक तक्ते द्यायला मी जिल्ह्याच्या ऑफिसात गेलो. तिथल्या हेडक्लार्कला मी म्हटलं, की गायरानाच्या शिक्षेपायी एका हुशार माणसाचा परवाना गेला. त्यानं चष्मा वर केला.

"शिक्षेपायी काहून जाईन? फसवणूक, खोटे कागद, चोरी, अशा शिक्षेले बंदी हाय. गायरानाची केस त्याच्यात येतच नाही. खरं लिहिलं असतं, त साहेब सही करणार होते. खोटं लिहिलं, म्हणून गेला."

परत येताना एस.टी.त मला बसायला जागा मिळाली होती, तरी मी उभाच राहिलो.

दुसऱ्या दिवशी हेडक्लार्कचं बोलणं मी श्रीपतला सांगितलं. तो चिडला नाही. अपील करता येतं का, एवढंच त्यानं विचारलं. करता येत होतं. पण 'नाही' का लिहिलं, याचं कारण द्यावं लागणार होतं.

"तुमी सांगतलं होतं, तेवढंच दोन ओळीत लिहून द्या," तो म्हणाला. "बाकीचं मी लिवतो."

मी उद्या देतो म्हणालो आणि साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. साहेब पुण्याकडचे. माणूस वाईट नव्हता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुमचं प्रोबेशन संपायला किती दिवस आहेत?"

"पाच महिने, साहेब."

"मग अर्जदाराला खोटं लिहायला सांगितल्याचं स्वतःच्या हातानं लिहून देऊ नका. पुढे तुमची मर्जी."

दुसऱ्या दिवशी मी श्रीपतकडे गेलोच नाही. तिसऱ्या दिवशी तोच टेबलाशी आला. मी रजिस्टरातून मान वर केली नाही.

"राहू द्या, बाबूजी," तो म्हणाला. "तुमची नौकरी नवी हाय."

त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. अपील त्यानं केलं नाही.

दोन वर्षांनी बापूरावांना दिसेनासं झालं. परवाना त्यांच्या पुतण्याला मिळाला. त्याला पूर्व-पश्चिम कळत नव्हती. त्याचेही दस्त श्रीपतच लिहायचा. त्या सालांतले शेकडो दस्त आजही रेकॉर्डला आहेत, एकाच हातचे, आणि श्रीपत खिल्लारे हे नाव लेखक म्हणून एकावरही नाही. पुढे माझी बदली झाली. तो वारल्याचं मला वर्षभरानं कळलं.

ऑफिसात खुर्चीवर बसणाऱ्यानं सल्ला देण्याआधी नियम वाचावा. न वाचता दिलाच, तर खाली सही करायची तयारी ठेवावी. मी यातलं काहीच केलं नाही. माझं प्रोबेशन वेळेवर संपलं आणि प्रमोशनही वेळेवर मिळालं.