अक्काचं बाळंतपण

बिदर जिल्ह्याला समुद्र नाही, ही गोष्ट माझ्या मावसांनी कधी मनावरच घेतली नाही. तरुणपणी ते बिदरमधलं आमचं मेहकर गाव सोडून आंध्राच्या किनाऱ्यावर कोळंबीच्या तळ्यांवर कामाला गेले आणि काही वर्षांनी परतले ते थोडी तेलुगू आणि झिंग्यांचं वेड घेऊन. आल्या आल्या तुरीच्या रानात तळं खोदलं आणि गोड्या पाण्यात वाढणाऱ्या मोठ्या झिंग्यांचं बी, म्हणजे इवली पिलं, आणून सोडलं. रोज सकाळी ते तळ्याचं ओंजळभर पाणी तोंडात घोळवून, डोळे मिटून विचार करत. झिंग्यांशी मात्र तेलुगूतच बोलत. ‘त्यान्ला मराठी कुठलं समजायलंय? नवी हायेत अजून,’ म्हणत. काठावर कुणी मोठ्यानं हसलेलंही त्यांना चालत नसे. झिंगे दचकले की जेवत नाहीत, असा त्यांचा सिद्धान्त होता.

एकदा कोळंबीपालनाच्या प्रशिक्षणाला गेले, तर तिथल्या साहेबांनी सांगितलं, की शास्त्रज्ञ आता कोळंबीचे जीन बदलून तिला झपाट्यानं वाढवायला बघताहेत. मावसांनी हे पारावर सांगायचा अवकाश, गावभर झालं, ‘मावसा झिंग्यात जिन घालायलाय!’ शेजारच्या म्हातारीनं तळ्याच्या कुंपणाला लिंबू-मिरची बांधली. ‘जिन न्हाई गे माय, जीन! अंगातला गुण!’ मावसा ओरडून थकले. तसलं बी आपल्याकडे मिळत नाही, आपणच भराभर वाढणारी नर-मादी राखावीत, असंही साहेब म्हणाले होते. म्हणून सगळे झिंगे बाजारात गेले तेव्हा एक धिप्पाड नर आणि सगळ्यात दांडगी मादी मागे राहिली. तिचं नाव अक्का.

काही दिवसांनी अक्काच्या पोटाखाली नारिंगी अंड्यांचा घोस दिसला. मावसा हरखले आणि लगेच घाबरले. या झिंग्यांची अंड्यातून निघालेली पिलं आधी खारट पाण्यातच जगतात. त्यांनी अक्काला किनाऱ्यावरच्या बीजकेंद्रात न्यायचं ठरवलं.

मावशी म्हणाली, ‘अवो, माझ्या बाळंतपणाला आला न्हाईत. पोरगी चालाय लागल्यावर तोंड बघितलाव तिचं. आन् झिंगीच्या बाळंतपणाला निघालाव?’

मावसा म्हणाले, ‘तवा तळ्यावरच्या मुकादमानं सोडला न्हाई. आता कोण अडवायलंय?’

मावशीनं भाकरी बांधून दिल्या. सोबतीला मी होतो, आणि पाण्याच्या ड्रमात अक्का. कंडक्टरनं ड्रमाकडे बोट दाखवून विचारलं, तेव्हा मावसा म्हणाले, ‘पोटुशी हाय. गाडी जरा हळू घ्या म्हणावं.’ आणि खरंच, ड्रायव्हरनं खड्डे चुकवले.

बीजकेंद्रात अक्काची अंडी फुटली. काचेच्या टाकीत केसाएवढी पिलं डोकं खाली, शेपटी वर करून तरंगत होती. त्यांना नीट बघता यावं म्हणून मावसा मान वाकडी करून उभे होते. ती पिलं पुढे जरा मोठी होऊन गोड्या पाण्याला सरावल्यावर आमच्या तळ्यात आली, काही आईसारखी वाढली, बाकीची नुसतीच खादाड निघाली.

परतताना मावसा खिडकीबाहेर बघत होते. लेक राहायची त्या हैदराबादला गाडी थांबली, तसे एकदम उठले. ‘उतर. पोरीकडं जाऊन येऊ.’

दार उघडून ती दचकलीच. ‘अप्पा! कामून आलाव? घरी सगळं बरं हाय ना?’

‘बरं हाय की. असंच आलो.’

ती आत चहा ठेवायला वळली. ‘थांब जरा,’ मावसा म्हणाले, आणि दारातच उभे राहून लेकीकडे बघत राहिले. चप्पल काढायचंही त्यांना सुचलं नाही.