गोठ्यातली साखळी

१४ डिसेंबर १९४३. शेणव्याच्या थांब्यावर मोटारीतून उतरवलेले प्रवासी सतरा. सतराही सुखरूप घरी पोचले. डोलीतून आणलेली बाई एक आणि तिच्या पोटातले मूल एक. ती दोघे दवाखान्यापर्यंत पोचली नाहीत.

मोटार मुरबाडहून शहापूरला जाणारी, कोळशाच्या गॅसवर चालणारी होती. चालवणारा कुंडलिक शेणव्याचाच. बायको तापात गेल्यापासून तो एकटा राहत असे. इंजिन ज्या रबरी बैठकांवर टेकलेले असते, ज्यांना ड्रायव्हर लोक फाउंडेशन म्हणतात, त्या झिजल्याचे त्याने मोटारीच्या मालकाच्या, शेठच्या कानावर घातले होते. लढाईमुळे रबर मिळत नव्हते. लढाई संपू दे, एवढेच शेठ म्हणाला.

त्या सकाळी किन्हवलीनंतरच्या चढावर इंजिन आपल्या जागेवरून उचलले गेले आणि त्याबरोबर वेग वाढवणारी रेसची सळई ओढली गेली. कुंडलिकचा पाय बाजूला असताना गाडी आपोआप वेग घेऊ लागली. कशीबशी ती आवरून त्याने शेणव्याला आणली आणि बॉनेट उघडले. एका बाजूची बैठक आरपार फाटली होती. पुढे नदीवरच्या फरशीचा, म्हणजे बिनकठड्याच्या बुटक्या पुलाचा, उतार होता. त्याने सगळ्यांना उतरायला सांगितले.

"इथवर बरी आली रे," एक म्हातारा खाली उतरेना. "गाडी थरथरते म्हंजे अंगात जोर हाय तिच्या. बैल नाय का फुरफुरत?"

"जोर नाय बाबा. पाय सुटलेत तिचे."

"तुजेच सुटले असतील. घर आलं ना तुजं."

लोक हसले. त्या दिवशी हसण्याचा तो शेवटचा प्रसंग. थोड्याच वेळात डोंगराकडच्या पाड्यावरून मंगळू आणि त्याचे भाऊबंद डोली घेऊन आले. आत मंगळूची बायको बाईजा होती. आदल्या दिवसापासून अडलेली. तिला शहापूरच्या दवाखान्यात न्यायचे होते. मोटारीने तास लागला असता. खांद्यावर अर्धा दिवस.

मंगळूने गाडीकडे पाहिले, मग कुंडलिककडे. "दादा, बाकीचे चालत जातील. आमी दोघंच बसतो. काय झालं त आमचंच हुईल."

कुंडलिक फाटलेले रबर हातात धरून उभा होता. "उतारावर ही माजं ऐकायची नाय रे. नदीत घालीन तुमाला."

"बघ ना काय करता येतं त."

"काय नाय करता येत."

हे त्याने खोटे सांगितले नाही. त्या क्षणी त्याला खरोखरच काही दिसत नव्हते. डोली पुढे गेली. दुपारी ती त्याच वाटेने परत आली, तेव्हा डोलीवर लुगडे पांघरलेले होते.

दुसऱ्या दिवशी शेठने महादू नावाचा दुसरा ड्रायव्हर पाठवला. तीच मोटार तोच उतार उतरून शहापूरला गेली आणि संध्याकाळी परत आली. मग रोजच जाऊ-येऊ लागली. गावाला एवढा पुरावा पुरला. टळलेल्या अपघाताची खूण कुठेच उरत नाही. बाईजाची मात्र राख उरली होती. पाणवठ्यावर कुंडलिक आला की बोलणे थांबे. त्याची नोकरी गेली. रानातल्या भट्टीवरचा कोळसा आणून त्याच मोटारीसाठी थांब्यावर पोती भरून ठेवायची, हे काम त्याला मिळाले.

त्याच्याशी बोलणारा माणूस एकच राहिला, आणि तो मंगळू. बाजाराच्या दिवशी डोंगर उतरला की मंगळू कोळशाच्या पोत्यांपाशी टेके, विडी काढून अर्धी त्याला देई. निघताना ठरलेले बोलून जाई: "गाडीच चालन्यासारखी नव्हती दादा. तू तरी काय करनार." ज्याने सर्वांत अधिक गमावले, त्यानेच त्याला निर्दोष ठरवले होते. कुंडलिकला तेवढ्यावर दिवस काढता येत होते.

वैशाखात एकदा महादूने पाणी घालण्यासाठी गाडी थांबवून बॉनेट उघडले. पोते घेऊन आलेल्या कुंडलिकची नजर आत गेली. इंजिनाच्या फाटलेल्या बाजूला गुरे बांधायच्या साखळीचे दोन वेढे होते. साखळी खाली चेसिसला घट्ट आवळलेली होती.

"ही कधी बांधलीस?"

"पहिल्याच दिवशी. तुज्या शेजारच्या गोठ्यातनं मागून घेतली. इंजिन उचलतच नाय मग. उतारावर बेतानं उतरवतो." महादू हसला. "मला काय जीव नको?"

"शेठला ठाव हाय?"

"त्याला कशाला? म्हनेल, म्हशीपन तूच पाळ."

असली गाडी चालवावी का, या प्रश्नाला कुंडलिकने दिलेले उत्तर चुकीचे नव्हते. साखळीने इंजिन धड होत नाही. ती एका खेपेपुरती त्याला धरून ठेवते. पण बाईजाला एक खेपच हवी होती. कुंडलिक शेतकऱ्याचा मुलगा. ओढाळ जनावराला साखळीने जखडणे त्याला लहानपणापासून येत होते, आणि गोठा थांब्यापासून हाकेच्या अंतरावर होता. यंत्र म्हणजे वेगळे जग असे शिकल्यापासून त्याने त्या जगात गोठ्याचा विचार कधी आणला नव्हता.

शेठने रबर टाळले, सरकारने एवढ्या मोठ्या मुलुखाला एका मोटारीवर सोडले, हे खरेच आहे. या दोषांची मोजदाद करणारे पुष्कळ मिळतील. कुंडलिकसमोर प्रश्न लहान होता: साखळीचे मंगळूला सांगायचे का. पुढच्या बाजाराला मंगळू आला, विडी अर्धी केली आणि निघताना म्हणाला, "गाडीच चालन्यासारखी नव्हती दादा."

कुंडलिकने तोंड उघडले. मग म्हणाला, "हं."

ती विडी त्याला ओढवली नाही. त्यानंतर बाजाराच्या दिवशी तो पहाटेच भट्टीकडे निघून जाऊ लागला. मंगळू काही आठवडे पोत्यांपाशी बसून परत गेला. मग त्याने तिथे थांबणे सोडले. कुंडलिकला आपल्या दुःखाचा कंटाळा आला असेल, असे त्याने पाड्यावर सांगितले.

लढाई संपली, रबर आले, मोटारीला नव्या बैठका बसल्या. महादूने साखळी सोडून ज्याची त्याला परत केली. आता १९४८ साल आहे. त्या साखळीला म्हैस बांधलेली असते आणि कुंडलिक रोज त्या गोठ्यावरून येतो-जातो.

मंगळूने त्या सकाळी विचारले होते, काय करता येते ते बघ. त्याचे खरे उत्तर कुंडलिककडे आहे. ते मंगळूला अजून दिलेले नाही.